दिसतो, म्हणालो

आमच्या लालबागला गणपतीच्या दिवसांत गाडी बाहेर काढता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेले असतात, आणि जे रस्ते उघडे असतात त्यांवर माणसांच्या रांगा. माझ्या मोठ्या भावाची मोटरसायकल तेवढे दिवस जागेवर उभी राहते, तिच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकट होतं, आणि अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी दादा तो कार्बोरेटर उतरवून साफ करायला बसतो. चाळ होती तेव्हा हे काम गॅलरीत चालायचं. आता चाळीच्या जागी टॉवर आहे. दादा स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये, पाट टाकून बसतो.

दादा सत्तरीला टेकलाय. तरुणपणी गिरणीत होता, गिरणी गेल्यावर परळच्या एका छापखान्यात मशीनवर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. ही गाडी त्याने छापखान्यात असताना घेतली, तीही जुनीच. टू-स्ट्रोक आहे. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, आणि तिला हात लावणारे मिस्त्रीही आता फारसे उरलेले नाहीत. दादाने लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर तो माझ्याकडे राहतो असं लोक म्हणतात. मी त्याच्याकडे राहतो असंच मला अजून वाटतं.

तो दर रविवारी सकाळी गाडीवरून भायखळ्याच्या मंडईत भाजीला जायचा आणि मी मागे पिशवी घेऊन बसायचो. गेल्या श्रावणातल्या अशाच एका रविवारी आम्ही परत येत होतो. पुलाखाली वळताना डाव्या बाजूने एक बाई रस्ता ओलांडत होती. ती धावत नव्हती, कशाच्या आड नव्हती. मला ती बरीच आधीपासून दिसत होती, आणि दादालाही दिसत असणार असं मी धरून चाललो होतो. तो वेग कमी करेना तेव्हा मी ओरडलो, "दादा, बाई!"

त्याने ब्रेक दाबला. हँडल तिच्या पिशवीला घासून गेलं आणि तिचे बटाटे रस्ताभर झाले.

"आंधळा आहेस काय रे? एवढी अख्खी बाई दिसत नाय तुला?"

दादा उतरला, हात जोडले, खाली वाकून बटाटे वेचायला लागला. उजवीकडचे सगळे त्याने वेचले. डावीकडे पडलेल्यांकडे त्याचा हातच जात नव्हता. ते मी वेचले. परत गाडीवर बसताना तो हसून आमच्या मालवणीत म्हणाला, "आली खयसून ही? कळलाच नाय."

चष्म्याचा नंबर तपासून घेऊ, असं सांगून मी त्याला परळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोनतीन मशीनवर तपासलं, डोळ्यांत थेंब घातले आणि त्याला बाहेर बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं. मग मला आत बोलावलं. काचबिंदू होता. समोरची नजर अजून बरी होती, पण कडेची गेली होती, डावीकडची जास्त. बारीक गोष्टी तर चष्मा लावूनही धूसर दिसणार होत्या.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आहे ती टिकवायची. आणि गाडी आता बंद. बोलवा त्यांना, मी समजावते."

"नको," मी म्हणालो. "तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

माझ्या तोंडून सांगितलेलं त्याला कमी लागेल असं मला त्या वेळी वाटलं होतं. टॅक्सीत बसल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"काचबिंदू आहे. रोज थेंब घालायचे. आणि जरा जपून."

"जपून म्हणजे?"

"जपून म्हणजे जपूनच रे दादा."

"तिला म्हणावं, सत्तर वर्षं जपूनच आहे," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटून बसला. तिथे विषय संपला. मी तो पुन्हा काढला नाही.

त्याला नाही म्हणण्याची आमच्या घरात कुणालाच सवय नाही. तो तापट नाही. त्याने आम्हाला कधी नाही म्हटलं नाही, त्यामुळे तो शब्द त्याच्यासमोर तोंडातून निघत नाही. पुढचे रविवार मी काही ना काही कारण काढून भाजीला एकटा गेलो. मग गणपती आले, रस्ते बंद झाले आणि गाडी आपोआप थांबली. त्या वर्षी ढोलताशांच्या गदारोळातही मी निवांत झोपत होतो.

विसर्जन झालं, रविवार आला, आणि सकाळी बाल्कनीतून पेट्रोलचा वास यायला लागला.

"भाऊजी, हा वास आज वरणात उतरणार हं," माझी बायको आतून म्हणाली.

"उतरू दे. जेवून उठलं की सगळे पळत सुटतील."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने कार्बोरेटरची वाटी उघडली होती. तळाशी काढ्यासारखा तपकिरी गाळ बसला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो एकेक भाग पेट्रोलमध्ये धूत होता. मग त्याने स्लो जेट काढला. करंगळीच्या पेराएवढी ती एक पितळी नळी असते, आणि तिला आरपार एक भोक असतं, केसापेक्षा जेमतेम जाड. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन ज्या थेंबभर पेट्रोलवर चालू राहतं, ते या भोकातून येतं. ते बुजलं तर रेस सोडली की गाडी बंद. ते साफ झालं की नाही, हे दादा एकाच पद्धतीने ठरवतो. जेट उजेडाकडे धरायचा आणि एक डोळा मिटून आत बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तर साफ.

हे बघण्याचं काम दोनेक वर्षांपासून माझ्याकडे आलं होतं. "माझ्या चष्म्याला काय ते गावत नाय," असं म्हणून तो जेट माझ्या हातात द्यायचा आणि मी सांगेन ते शेवटचं.

त्याने जेट धुतला, फुंकला, गंजीला पुसला आणि माझ्याकडे दिला.

"बघ रे. उजेड दिसतो?"

मी तो बाल्कनीच्या जाळीकडे धरला. आत काहीच नव्हतं. काळं. मी जेट थोडा फिरवून पाहिला, तरी काळंच. नाही म्हणायला मी तोंड उघडलंही असेन. पण पुलाखाली वाकून उजवीकडचेच बटाटे वेचणारा दादा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"दिसतो," मी म्हणालो.

"पूर्ण गोल?"

"पूर्ण गोल."

पहिला शब्द घाईत गेला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. दुसऱ्यासाठी तसली काही सबब नाही. त्याने मला विचार बदलायला जागा दिली होती.

दुपारी आम्ही खाली पार्किंगमध्ये जाऊन कार्बोरेटर बसवला. चोक ओढून गाडी सुरू झाली, चोक ढकलला तशी मेली. दादाने पुन्हा किक मारली. पुन्हा तेच. घाम पुसत तो किका मारत राहिला आणि मी खांबाला टेकून बघत राहिलो. वॉचमन खुर्ची घेऊन जवळ आला.

"काका, भंगारात द्या आता तिला."

"आधी तुला देतो. वजनाला तू जास्त भरशील."

तिथे आम्ही तिघंही हसलो. माझं काम झालं होतं. मी मनात म्हटलं, काही दिवस प्रयत्न करेल, कंटाळेल, सोडून देईल. कुणालाच कुणाला काही सांगावं लागणार नाही.

पुढच्या रविवारी त्याने कार्बोरेटर परत उतरवला. जेट तोंडाला लावून बराच वेळ फुंकला आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"फुंकताना मला हवा जातेय असं वाटत नाही रे."

मी जेट घेतला, उजेडाकडे धरला, काळ्या भोकात पाहिलं. "दिसतोय की."

"मग जात असेल," तो म्हणाला. "माझंच काहीतरी."

त्याने वायरच्या ब्रशातली एक बारीक तार उपटली आणि माझ्यापुढे केली. "तूच घाल. मला भोक सापडत नाही." मी ती तार भोकाच्या कडेवर फिरवली, आत घातल्यासारखं केलं आणि जेट परत त्याच्या तळव्यावर ठेवला. तो "शाबास" म्हणाला. लहानपणी पाना धरून उभा राहिलो की म्हणायचा, तसंच.

त्यानंतर त्याने प्लग बदलला. पेट्रोलची नळी बदलली. जुन्या बाजारात फिरून कुठूनतरी वॉशरचा संच आणला. दर वेळी आशेने खाली जायचा आणि वर येऊन गुपचूप हात धुवायचा. मिस्त्रीकडे नेऊ या, असं बायकोनेच एकदा सुचवलं, तर म्हणाला, "आयुष्यात दुसऱ्याचा हात लागू दिला नाही तिला." मी त्यावर मान डोलावली. मिस्त्रीने तो जेट एकदा नुसता बघितला असता तरी मी उघडा पडलो असतो.

तो गाडी सोडेल एवढाच माझा हिशेब होता. आणखी काय काय सोडेल याचा मी विचार केला नव्हता.

आमच्या चाळीतले मिक्सर, इस्त्र्या, पंखे दादाच दुरुस्त करायचा. टॉवरमध्ये आल्यावरही लोक वस्तू घेऊन दारात यायचे. एका संध्याकाळी बाराव्या मजल्यावरच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत होतो. दादा त्यांना म्हणाला, "दुकानात द्या वहिनी. माझ्याच्याने आता होत नाही."

"अहो, तुम्हीच बसवलेलं भांडं हे. तुमच्याच्याने नाही तर कुणाच्याने?"

"हात राहिले नाहीत आता. बिघडवून ठेवीन."

काकू हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली असावी. दार लागल्यावर दादा बराच वेळ तिथेच उभा होता. मी बाहेर आलो नाही. मोबाइल हातात घेऊन बसून राहिलो, आणि स्वतःला समजावत राहिलो की वय झालं की हे व्हायचंच.

मग दसरा आला. दसऱ्याला दादा हत्यारं पूजतो. वडील गिरणीतून जे शिकून आले, ते त्याने चालू ठेवलं. चौरंगावर लाल कापड, त्यावर पाने, पकड, पेचकस, हातोडी, सगळं तेल लावून पुसलेलं, आणि हळदकुंकू, झेंडू. बायकोने चौरंग मांडला, फुलं आणली, तोरण लावलं. दादा आंघोळ करून आला आणि सोफ्यावर पेपर उघडून बसला.

"भाऊजी, हत्यारं काढा ना. नैवेद्य खोळंबलाय."

"यंदा पोथी मांड," तो पेपरामागून म्हणाला. "नाहीतर ह्याचा लॅपटॉप मांड. पुजायची ती कामाची हत्यारं. ही आता कामाची कुठे राहिली?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नुसती गोंधळली होती. तिला ना डॉक्टरांचं बोलणं ठाऊक होतं ना जेटचं. ती आत गेली आणि दोन मिनिटांनी खरोखरच माझा लॅपटॉप आणून तिने त्या लाल कापडावर ठेवला. दुसरं काय ठेवणार? त्यावर झेंडूचं फूल वाहताना मी पाहिलं आणि माझ्याने तिथे उभं राहवेना.

जेवणं झाल्यावर दादा खाली गेला. इमारतीतल्या सगळ्या गाड्यांना हार घातले होते. त्याच्याही गाडीला बायकोने सकाळीच हार घातला होता. तो सीटवर आडवा बसला होता, पाय जमिनीला टेकलेले. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि जे बोलायचं ते एका दमात बोललो.

"दादा, त्या जेटमधून उजेड दिसत नव्हता."

"कधी?"

"पहिल्यापासून. एकदाही नाही."

त्याला समजायला वेळ लागला. "तू दिसतो म्हणालास."

"हो."

"कित्याक?"

मी सगळं सांगितलं. पुलाखालची बाई, डॉक्टरांनी काय म्हटलं, त्यांना मी कसं गप्प केलं, वायरच्या ब्रशातली ती तार. माझं झाल्यावर त्याने विचारलं, "तुझ्या बायकोला म्हायत होता?"

"नाही. फक्त मला."

त्याने दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले होते, त्यांच्याकडे तो बघत होता. "मेल्या," तो हळूच म्हणाला, "मला वाटलं माझे हात गेले."

मी माफी मागायला लागलो तसा तो उठला. "ते राहू दे. वर जाऊन पाने-पकड आण. आणि तिला खाली बोलव."

"आत्ता? दसऱ्याचं?"

"आत्ता."

तिथेच पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून त्याने कार्बोरेटर उघडला. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. जेट काढल्यावर त्याने तो माझ्यावरून पलीकडे, बायकोपुढे धरला.

"अगं, उजेडाकडे धर आणि बघ. पलीकडचं दिसतं का?"

तिने एक डोळा मिटला. "नाही हो भाऊजी. काळंकुट्ट आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. काही म्हणजे काही दिसत नाही."

त्याने लांब श्वास सोडला. मग तिने तारेचं टोक भोकाशी नेऊन दिलं आणि त्याने बोटांनी फिरवत ते आत सारलं. धुतलं, फुंकलं, पुन्हा सारलं. तिला पुन्हा बघायला दिलं, तिने नाही म्हटलं, पुन्हा धुतलं. असं बरंच चाललं. शेवटी ती म्हणाली, "आता दिसतोय. सुईच्या टोकाएवढा, पण दिसतोय." त्याने स्वतः फुंकून पाहिलं आणि मान हलवली.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. चोक ढकलला तरी चालू राहिली. निळा धूर पार्किंगभर झाला आणि वॉचमन लांबूनच टाळ्या वाजवायला लागला. दादा गाडीवर बसला. तो आता गेटबाहेर जाणार या धास्तीने मी दोन पावलं पुढे झालो, पण त्याने गिअर टाकला नाही.

"तू तिकडेच थांब," तो मला म्हणाला. बायकोला त्याने मागच्या खांबाकडे पाठवलं. "डाव्या बाजूने हळूहळू पुढे चालत ये. मी समोर बघतोय. तू दिसलीस की मी सांगतो. मग तू कुठवर आलीस ते मला सांग. खरं सांग हं."

ती चालायला लागली. मागच्या चाकापाशी आली, सीटपाशी आली, हँडल ओलांडलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, कान इंजिनकडे. ती आणखी पुढे गेली.

"आता," तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. "भाऊजी, मी पुढच्या चाकाच्याही पुढे आलेय."

"पुन्हा ये."

पुन्हा तेच झालं. दादाने इंजिन बंद केलं, पेट्रोलचा कॉक फिरवला, स्टँड लावला. "नाही म्हणजे नाही," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला आणि पाने गोळा करायला लागला. त्यानंतर त्याने गाडी रस्त्यावर नेलेली नाही. रविवारी खाली जाऊन सुरू करतो, थोडा वेळ चालू ठेवतो आणि वर येतो.

मी एवढंच करायला हवं होतं. डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी त्याला सीटवर बसवून त्याच्या डावीकडून चालत जायचं होतं. ते मला सुचलं नाही, कारण ठरवणारा तो असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची काळजी घेतोय असं मला वाटत होतं, आणि त्यासाठी मी त्याला त्याच्या स्वतःच्या श्वासावर अविश्वास दाखवायला लावलं. हवा जात नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं.

त्याने मला त्यावरून कधी बोल लावला नाही. त्याच संध्याकाळी त्याने मला आपट्याची पानं दिली, मी पाया पडलो, त्याने पाठीवर थाप मारली. बाराव्या मजल्यावरच्या काकूंचा मिक्सर त्याने स्वतः जाऊन मागून आणला. थट्टामस्करी चालते, जेवताना माझ्या ताटातला माशाचा तुकडा पूर्वीसारखाच उचलतो.

परवा तो एक पंखा उघडून बसला होता. एक स्क्रू सटकून खाली पडला. मी दारातच उभा होतो, मला तो लख्ख दिसत होता.

"दादा, तुझ्या डाव्या पायाशी आहे बघ. अंगठ्याजवळ."

"हं," तो म्हणाला. पण हात तिकडे नेला नाही. उजव्या बाजूपासून सुरुवात करून तो तळव्याने लादी चाचपू लागला, भिंतीच्या कडेने, पाटाखाली, दोन्ही पायांच्या मधे. सगळी लादी झाल्यावर त्याचा हात डाव्या अंगठ्याशी आला. स्क्रू मी सांगितला होता तिथेच होता. तो त्याने उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि पंख्याला बसवला.